माझी चाळीस शब्दांची जर्मन

मला जर्मन भाषेतले चाळीस शब्द येतात. चाळीसही धंद्यांचे आहेत. पाण्याला, भाकरीला, रस्त्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला आजही ठाऊक नाही. उद्या कुणी मला उचलून त्या देशातल्या एखाद्या चौकात ठेवलं तर मी तहानेनं मरेन. पण मरता मरता शेजारून जाणारा लोहार कोणता, न्हावी कोणता आणि धुराडी झाडणारा कोणता, हे बिनचूक सांगेन. ही विद्या मी जन्मात एकदाच वापरली. तेवढ्या एका वापरात माझ्या शेजाऱ्याच्या हातातलं अठ्ठावीस वर्षांचं काम गेलं. म्हणजे विद्या कमी पडली असं म्हणता येत नाही.

तेव्हा मी सोलापुरातल्या एका गिरणीच्या रंगखात्यात नमुन्यांचा कारकून होतो. मॅट्रिक होऊन वर्ष झालं होतं आणि आपण फार शिकलो आहोत या समजुतीलाही तितकंच वय होतं. काम असं, की रंगवलेल्या सुताच्या प्रत्येक खेपेतून बोटभर दोरा कापायचा, जाड वहीत खळीनं डकवायचा आणि खाली रंगाचं नाव लिहायचं. नाव डब्यावरून उतरवून घ्यायचं. डबे जर्मनीहून यायचे. सरकारचं जर्मनीशी मोठं युद्ध होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण आमच्याकडे जर्मनी म्हणजे दोनच गोष्टी: हे रंगाचे डबे, आणि बाजारात मिळणारी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी. दिसायला चांदी, वजनाला फूल, आणि एकदा आपटलं की पोचा कायमचा. पुढं गिरणीत मला ‘जर्मन’ हे नाव पडलं. ते भाषेवरून पडलं की भांड्यावरून, हे मी कधी विचारलं नाही.

एके दिवशी मॅनेजरांनी खात्याला सांगितलं, की रंगाच्या कंपनीकडून एक जर्मन साहेब तीन महिन्यांसाठी येतोय. जुन्या नांदी, म्हणजे सूत बुडवायचे मोठे मातीचे रांजण, काढून लोखंडी बसवायच्या, उन्हापावसात न उतरणारा नवा निळा रंग सुरू करायचा. माणसं निम्मीच लागतील. नांदीवरचा मुख्य माणूस कोण, हे साहेब स्वतः ठरवेल. आमचे जुने डाइंगमास्तर थकून गावी गेले होते, त्यामुळं साहेबाला सांगणारं वर कुणी नव्हतं. शेवटी मॅनेजर म्हणाले, साहेबाचं इंग्रजी मोडकं आहे, कुणाला चार शब्द जर्मन येत असतील तर त्याची खुर्ची साहेबाच्या शेजारी.

बाकीच्यांनी ‘निम्मी माणसं’ ऐकलं. मी ‘खुर्ची’ ऐकलं. तोवर मी रंगाच्या रिकाम्या खोक्यावर बसत होतो.

शाळेतले माझे संस्कृतचे शास्त्री जर्मन शिकलेले आहेत, अशी गावात वदंता होती. जर्मन पंडित वेदांवर काय वाटेल ते लिहितात, ते एकदा त्यांच्याच भाषेत खोडून काढावं या इराद्यानं त्यांनी एक बालबोध पुस्तक मागवलं होतं. त्यांची जर्मन तिसऱ्या धड्यात संपत होती, कारण चौथ्या धड्यापासून पुढचं पुस्तक वाळवीनं वाचलं होतं. पहिल्या धड्यात अक्षरं, दुसऱ्यात आकडे आणि तिसऱ्यात धंदे. वर ठळक अक्षरात मथळा ‘बेरूफ’, म्हणजे धंदा, आणि खाली चाळीस चित्रं. प्रत्येक चित्रात एक माणूस आणि त्याच्या हातात त्याचं हत्यार. पाववाला बेकर लांब दांड्याचं फावडं धरून, शिंपी श्नायडर कात्री धरून, रंगारी फेर्बर काठीला सुताची लड अडकवून. कुणाच्याही चेहऱ्यावर शंका नाही. धुराडी झाडणाऱ्याचा शब्द एवढा लांब होता की तो म्हणेपर्यंत धुराडं झाडून व्हावं.

शास्त्रीबुवांनी पुस्तक माझ्या हाती देताना तपकीर ओढली आणि म्हणाले, अवघड काही नाही यात. आपलंच आहे. बारा बलुतेदार, त्यांच्याकडे चाळीस आहेत इतकंच.

हे वाक्य मी शब्दांबरोबरच पाठ केलं.

पाठांतर मी चालता चालता करायचो. सकाळी घरापासून गिरणीपर्यंतच्या वाटेवर जो दिसेल त्याला जर्मन शब्द चिकटवत जायचं. बरोबर अण्णा असायचे. अण्णा म्हणजे आमच्या रंगखात्याचे मुकादम. पन्नाशीचे, जातीनं पद्मसाळी. घरात तेलुगू, बाहेर सोलापूरची मराठी. आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहायचे. त्यांच्या दहाही बोटांची नखं निळी होती, मुळापासून टोकापर्यंत. लग्नातल्या पंगतीत बुंदीच्या ताटात तो निळा हात उतरला की नवखी माणसं दचकायची.

अण्णांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि घड्याळ कळत नव्हतं. नांदीतलं पाणी दोन बोटांत घेऊन चोळायचे, हुंगायचे आणि म्हणायचे, “झोपलंय अजून.” मग चुना घाला, गूळ घाला, थांबा. परत चोळायचे. “आता उठलं.” निळा रंग नांदीत निळा नसतो, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना खरं वाटत नाही. लड बाहेर येते ती पिवळट हिरवी, गवतासारखी. मग वाऱ्यावर धरली की डोळ्यांदेखत निळी होत जाते. ती किती वेळ धरायची आणि केव्हा परत बुडवायची, हे अण्णा स्वतःच्या श्वासावर मोजायचे. माझ्या वहीत त्यांच्या हातच्या निळ्याचे शेकडो दोरे डकवलेले होते. एकाशेजारी एक ठेवले तर वेगळे काढता आले नसते.

तर त्या वाटेवर मी त्यांना शब्द सांगत जायचो. कुंभार दिसला, ट्योप्फर. चांभार, शूस्टर. मेंढ्या हाकत बाजाराकडे निघालेला धनगर, हिर्ट. अण्णांना हा खेळ फार आवडला. माझ्या आधी तेच बोट दाखवायचे. वाटेत माझ्या वडिलांचं दुकान लागायचं. दुकान म्हणजे एका ओट्यावर शिवणयंत्र आणि वर तरटाचा आडोसा. मी तिथं जरा पाय उचलून चालायचो. मॅट्रिक झाल्यापासूनची ती सवय होती. अण्णांनी मला थांबवून विचारलं, “आन् ह्यो कोन?”

मी खालच्या आवाजात सांगितलं, श्नायडर.

अण्णांनी तिथूनच हाक मारली, “ओ श्नायडर, चाललो बगा आमी.” वडिलांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी मान हलवली.

दहा पावलं गेल्यावर अण्णा म्हणाले, “आन् मी?”

“तुम्ही वेबर.”

“म्हंजे?”

“विणकर.”

अण्णा थांबले. “मी कुटं इनतो? माग माज्या भावाकडं हाय. बारा वर्साचा हुतो तवा बापानं मला रंगात घातला. मी रंगवतो की.”

मी त्यांना समजावलं. आवाज शास्त्रीबुवांचा होता. “ते तुमचं काम झालं, अण्णा. मी तुम्ही कोण ते सांगतोय.”

अण्णांनी यावर चार पावलं विचार केला. “व्हय, ते बी खरंच,” म्हणाले. मग जरा वेळानं, “आन् रंगवनाऱ्याला काय म्हनत्यात?”

“फेर्बर.”

“फरबर,” अण्णा म्हणाले आणि स्वतःशीच हसले. त्या दिवशी खात्यात शिरताना त्यांनी नांदीला सांगितलं, ऊठ गं, फरबर आलाय.

साहेब आला तो उंच, लाल मानेचा आणि कामाला वाघ. माणूस वाईट नव्हता. गोष्टीत एक वाईट माणूस लागतोच, तर ती जागा आधीच भरलेली आहे. गंमत म्हणजे साहेबाचं आडनाव हाच माझ्या यादीतला एक धंदा होता, पीठ दळणाऱ्याचा. त्याला मात्र कुणी जात्यावर बसवलं नव्हतं. हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. माझ्या डोक्यात खुर्ची होती.

पहिले दहा दिवस खातं बंदच होतं. जुन्या नांदी उपटून लोखंडी बसवायचं काम चाललं होतं, त्यामुळं कोण माणूस काय करतो हे साहेबाला पाहायलाच मिळालं नाही. त्यानं मला बोलावलं आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की सगळ्यांची यादी कर. नाव, वय, खात्यातली वर्षं आणि चौथ्या रकान्यात बेरूफ.

तो शब्द ऐकून मला भरून आलं. परक्या गावात आपल्या गल्लीतला माणूस भेटावा तसा तो तिसऱ्या धड्याचा मथळा माझ्यासमोर उभा राहिला. मी म्हटलं, यावोल, म्हणजे होय साहेब. हा एकेचाळिसावा शब्द साहेबाच्याच तोंडून त्या सकाळी उचलला होता.

दुपारच्या सुट्टीत माणसं हौदाजवळच्या चिंचेखाली भाकरी सोडून बसली होती. मी वही घेऊन फिरलो आणि एकेकाला विचारलं, “तुम्ही कोण?”

सोलापुरात, आणि सोलापूरच कशाला, दुधनीपासून वैरागपर्यंत कुठंही, ‘तुम्ही कोण’ म्हटलं की माणूस काय सांगतो हे मी वेगळं सांगायला नको. सगळ्यांनी बरोब्बर उत्तरं दिली. पिळायच्या चरकावरचा गडी म्हणाला धनगर. मी लिहिलं हिर्ट. ओलं सूत वाहणारा म्हणाला परीट, त्याला वेशर. रंगाची भुकटी तोलणारे मियाँ म्हणाले अत्तार. अत्ताराला पुस्तकात चित्र नव्हतं म्हणून शेजारचा औषधविक्या, आपोटेकर, त्यांना देऊन टाकला. चाळीस शब्द पाठ असलेल्या माणसाला तेवीस माणसं कमीच पडतात. पावाची भट्टी लावणारा कुणीच निघाला नाही याची मला हळहळ वाटली.

बॉयलरची भट्टी सांभाळणारा एक होटगीचा गडी होता. आधी तिथं रेल्वेत इंजिनात कोळसा टाकायचा, मग आमच्याकडे येऊन तोच कोळसा तसाच टाकत होता. रंगाच्या नांदीजवळ तो हात शेकायलासुद्धा आला नव्हता. त्याला विचारलं, तुम्ही कोण. भाकरीवर चटणी घेत तो म्हणाला, “रंगारी.” आजोबापणजोबा रंगारी होते. मी लिहिलं, फेर्बर. कोळसा टाकणाऱ्याला जर्मनमध्ये हाइत्सर म्हणतात. हा शब्द पुस्तकात एकतिसावा होता, चित्रातल्या माणसाचं तोंड काळं होतं आणि हातात फावडं होतं, आणि तो मला पाठ होता.

अण्णांना मी विचारलंच नाही. त्यांचं उत्तर वाटेवर ठरलं होतं. वय पन्नास, खात्यात अठ्ठावीस वर्षं, वेबर.

सगळ्यांत शेवटी खात्याचा कारकून म्हणून माझं नाव. नाव लिहिलं, वय लिहिलं आणि चौथ्या रकान्याशी आलो. तिथं माझा हात श्नायडरकडे वळला असता तर निदान मी मूर्ख तरी प्रामाणिक ठरलो असतो. हात वळला नाही. अडखळलासुद्धा नाही. मी वळणदार अक्षरात लिहिलं, झेक्रेटेर. लिहिणारा. चाळिसातला तोच एक टेबलाशी बसलेला होता आणि त्याच्या चित्रात खुर्ची होती.

साहेबानं यादी वाचली आणि पोट धरून हसला. म्हणाला, हे रंगखातं आहे की खेडं? मेंढपाळ, धोबी, औषधविक्या! मग गंभीर झाला. पेन्सिल घेऊन खाली खाली येत एका जागी थांबला आणि विचारलं, हा विणकर माझ्या खात्यात अठ्ठावीस वर्षं काय करतोय? त्याला कुणी विणायला का नाही बसवलं? पुढं म्हणाला, आणि एवढ्या माणसांत रंगारी एकच. त्याच्या देशात फेर्बर व्हायला म्हणे वर्षानुवर्षं उमेदवारी करावी लागते, परीक्षा द्यावी लागते, तेव्हा कुठं तो शब्द नावापुढं लागतो. त्यानं होटगीवाल्याच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या आणि अण्णांच्या नावापुढं साचेखात्याकडे, म्हणजे मागांकडे, जाणारा बाण काढला.

“बरोबर?” त्यानं मला विचारलं.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला असं सांगत आलो, की माझ्याकडे नुसती नामं होती, क्रियापदं नव्हती. चौथा धडा वाळवीनं खाल्ला होता, मी बोलणार कसा? हे सांगायला छान आहे. पण साहेबाला इंग्रजी समजत होतं आणि मी मॅट्रिकला इंग्रजीत बरे गुण मिळवले होते. दोन वाक्यं पुरली असती: मी जात लिहिली आहे, काम लिहिलेलं नाही. पण मग साहेब विचारणार, का लिहिलीस? आणि त्याची पेन्सिल खाली उतरत शेवटच्या ओळीशी येणार. साहेबाशेजारची खुर्ची मला त्याच दिवशी मिळाली होती, तिच्यावर बसून पुरता एक तास झाला होता. वेताची होती, पाठीला टेकायला होतं.

“यावोल,” मी म्हटलं.

अण्णा साचेखात्यात गेले. तिथला माग म्हणजे वाफेवरचा, त्यांनी तो जन्मात चालवला नव्हता. हातमागावरही बाराव्या वर्षानंतर बसले नव्हते. साचेखात्याच्या मुकादमानं पहिल्याच दिवशी निळी नखं पाहिली आणि पांढऱ्या कापडाला हात लावू नका म्हणून सांगितलं. तो रंग धुऊन जात नाही तसा कापडाला लागतही नाही, हे अण्णा सांगत राहिले. पण रंगातलं त्यांचं ऐकायला तिथं कुणाला काय गरज? त्यांना कोपऱ्यात रिकाम्या बॉबिन निवडायला बसवलं. गिरणीचं ते फाटक वेगळं होतं, म्हणून सकाळची आमची वाटही वेगळी झाली. मला बरंच वाटलं.

इकडे होटगीवाला नांदीपाशी उभा राहिला तो सासरच्या उंबऱ्यावर नवरी उभी राहते तसा. चार वेळा मला म्हणाला, “मास्तर, सायबाला सांगा की, मला कोळशाबिगर काय बी येत न्हाय.” मी सांगतो म्हणायचो. साहेब रोज कागद वाचून त्याला मापं द्यायचा, घड्याळ दाखवायचा, आणि हा बिचारा पिवळट लड नांदीतून काढून निळी व्हायच्या आत घाबरून परत बुडवायचा. पहिली मोठी खेप दांडीवर वाळत पडली तेव्हा कुठं काळपट, कुठं फिकी, कुठं चट्ट्याचट्ट्यांची होती. मी तिचा दोरा वहीत डकवला. अण्णांच्या शेवटच्या दोऱ्याशेजारीच जागा रिकामी होती.

त्याच आठवड्यात अण्णांच्या घरून निरोप आला, अर्ज लिहायला या.

अक्का, म्हणजे अण्णांची बायको, माझी वाटच पाहत होती. तिनं मला पाट दिला, कागद पुढं ठेवला आणि स्वतः भिंतीला टेकून सांगू लागली. गल्लीत शिकलेला एकच, आणि तो साहेबाच्या मांडीला मांडी लावून बसतो, तेव्हा हे काम झालंच असं तिनं धरलं होतं. “लिवा,” ती म्हणाली, “ह्या मानसाचा जल्म रंगात गेलाय. ह्येला परत रंगात घ्या. मुकादम करू नका पायजे तर, पर नांदीपशी हुबा करा.” मग अण्णांच्या हातांकडे बघून म्हणाली, “घरात बसतंय आन् नुस्ती बोटं चोळतंय. जेवत न्हाय धड.”

अण्णा दाराशी बसले होते. मी लिहून संपवल्यावर पुढं सरकले. अंगठा उठवला आणि मग विचारलं, “सायब तुला काय म्हनून हाक मारतो?”

“झेक्रेटेर.”

“म्हंजे?”

“लिहिणारा.”

“हां.” अण्णांनी अंगठ्याची शाई धोतराला पुसली. “आन् ते कागुद केलंस तवा तू सोताला काय लिवलंस?”

“तेच.”

“श्नायडर न्हाय?”

एकदा ऐकवलेला शब्द त्यांना आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी कागदाची घडी घालत बसलो. ज्या कागदाला दोन घड्या पुरतात त्याला मी चार घातल्या.

“न्हाय, मी आपलं इचारलं,” अण्णा म्हणाले. “सोताच्या टायमाला बराबर आटवलं म्हनायचं तुला, काम येगळं आन् मानूस येगळा.”

अक्कानं त्यांना तेलुगूत काहीतरी दटावलं. शिकल्यासवरल्या मुलाशी, तेही आपलं काम करायला आलेल्याशी, असं बोलू नये, असं असावं. मला जाताना तिनं शेंगाचटणी बांधून दिली. मी ती घेतली. घरी नेऊन खाल्लीही.

दुसऱ्या दिवशी अर्ज मॅनेजरांकडून साहेबाकडे आला आणि साहेबानं तो न बघताच माझ्याकडे सरकवला. मराठीत होता, सांग, म्हणाला, काय आहे ते. खिडकीबाहेर ती चट्ट्याचट्ट्यांची खेप दांडीवर लोंबत होती. साहेब तिच्याकडेच बघत होता. त्याला त्या क्षणी कुणीही येऊन सांगितलं असतं की पलीकडच्या इमारतीत एक माणूस आहे जो श्वास मोजून निळा काढतो, तर तो स्वतः उठून त्याला आणायला गेला असता. माझी खात्री आहे. आज तर फारच खात्री आहे.

मी उठून उभा राहिलो. अर्ज चार ओळींचा होता. पहिल्या ओळीवर माझं बोट गेलं: ह्या माणसाचा जन्म रंगात गेला आहे. तिचं इंग्रजी जिभेवर तयार होतं. ती बोललो असतो तर दुसरा प्रश्न तोच, मग यादीत तू काय लिहिलंस.

“साचेखात्यातला माणूस आहे,” मी म्हटलं. “तो म्हणतो, त्याला रंग आवडतात.”

साहेब हसला. थकलेला होता, तरी हसला. “रंग कुणाला आवडत नाहीत?” म्हणाला आणि कागद बाजूला ठेवला.

संध्याकाळी सुट्टीच्या भोंग्याला अण्णा आमच्या फाटकाशी येऊन उभे होते. मी बाहेर पडल्यावर विचारलं, “काय म्हनला सायब?”

“बघतो म्हणाला.”

“आन् तू काय म्हनलास?”

“तुमचं लिहिलेलं सांगितलं.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. नांदीतून काढलेल्या लडीकडे ते असंच बघायचे, वाऱ्यावर धरून, रंग चढतोय का ते. मग वळले आणि गेले.

साहेबानं लवकरच मुंबईहून नांदीवर बसवायला माणूस मागवला. वर कळवलं, की इथल्या वंशपरंपरेच्या रंगाऱ्यांनाही आता हा धंदा जमत नाही, कौशल्य गेलेलं आहे. हे टिपण मीच स्वच्छ अक्षरात उतरवून दिलं. होटगीवाल्याला परत भट्टीवर घातलं तेव्हा त्यानं खात्यात सगळ्यांना पेढा वाटला. माझ्या वाटचा त्यानं खोक्यावर ठेवला, हातात दिला नाही. तीन महिने झाले, साहेब गेला. जाताना माझा हात हातात घेऊन त्यानं शाबासकी दिली. यादी फार नीटनेटकी होती, म्हणाला. मागोमाग मोठ्या कचेरीचा शिपाई येऊन खुर्ची घेऊन गेला. मी खोक्यावर.

अण्णांशी माझं बोलणं तुटलं असं नाही. गल्लीत तसं तुटू देत नाहीत. सणाला त्यांच्या घरून ताट यायचं, आमच्या घरून जायचं. फक्त शब्दांचा खेळ संपला. वडील मात्र कधी कधी अण्णांना ओट्यावरून हाक मारायचे, आज श्नायडरला विसरलात का. अण्णा हात वर करायचे. तो हात मला दिसायचा. नखांच्या मुळाशी पांढरी कोर उगवली होती. महिन्या-महिन्यानं ती पुढं सरकत होती आणि निळं टोकाकडे ढकललं जात होतं.

एका रविवारी लिंबाखाली न्हाव्यासमोर आमची गाठ पडली. मी आधी बसलो होतो. न्हाव्यानं माझ्या तोंडाला साबण फासला, दाढी भिजू द्या म्हणाला आणि तेवढ्यात अण्णांची नखं घ्यायला बसला. अण्णांनी हात पुढं केला. आता टोकाला सुताएवढी निळी कड राहिली होती. नराणी फिरत गेली तशी एकेक निळी कात्रण न्हाव्याच्या फडक्यावर पडत गेली. दहावं नख झाल्यावर न्हाव्यानं त्यांचा हात उजेडात उलटासुलटा केला.

“अण्णा, बोटं सोच्छ झाली की तुमची. वळकू येईनात.”

“व्हय,” अण्णा म्हणाले. “आता वेबर झालो.”

“म्हंजे काय?”

अण्णांनी फडकं उचलून झटकलं. “ह्येला इचार,” माझ्याकडे मान करून ते म्हणाले. “समदे धंदे तोंडपाठ हायेत त्येला.”

न्हावी माझ्याकडे बघत राहिला. माझ्या ओठांवर साबण होता. तेवढं निमित्त मला पुरलं.